पुरचुंडीवर नाव घाला

(रात्रीच्या साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

मंडळी, थंडी फार आहे. ते दार जरा लोटून घ्या. मागच्या आजींना पुढे कंदिलाशी बसू द्या. हो, आता विजेचा दिवा आहे; जुनी सवय, तोंडातून कंदीलच निघतो.

मी आज शेतीवर बोलणार, असे बाईंनी तुम्हांला सांगितले आहे. ते अर्धेच खरे. शेती तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळते. मी मॅट्रिक झालेला मास्तर. सगळा जन्म खडू धरण्यात गेला. मी बोलणार आहे ते परसातल्या बियांवर. घराच्या मागे, कुंपणावर, न्हाणीच्या पाण्यावर जे चार वेल आणि दहा रोपे असतात, त्यांच्या बियांवर. आणि थंडीत घरात, खिडकीशी काय लावता येते, तेही थोडे सांगणार आहे.

आधी माझ्या घरची गोष्ट ऐका.

आमच्या आईला लिहिता येत नव्हते. पण तिच्या उतरंडीत सात पुरचुंड्या असत. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, त्यांत राख मिसळलेले बी, वर सुतळीची गाठ. एकीत दुधी, एकीत दोडका, एकीत जांभळ्या कडेचा घेवडा. तो घेवडा फार चवीचा. शेंग शिजली की जांभळी कड नाहीशी व्हायची आणि आम्ही पोरे विचारायचो, "आई, रंग कुठं गेला?" ती म्हणायची, "रश्शात गेला. खा." कोणती गाठ कशाची ते तिला हाताला कळे. अंधारातसुद्धा चुकत नसे.

१९९८ साली श्रावणात आई गेली. त्या गडबडीत पुरचुंड्या माळ्यावर गेल्या. पुढे घराचे पत्रे बदलले, मुलीचे लग्न झाले. चार वर्षांनी मी त्या खाली काढल्या. सातही सारख्या दिसत होत्या. एकीवरही नाव नव्हते. घेवड्याची मात्र ओळखू आली, कारण तिच्यात बी उरलेच नव्हते. भुंग्याने पोखरलेली टरफले आणि पीठ, एवढेच. बाकीच्या सहा मी पावसाळ्यात पेरल्या. पाचांतून काही वर आले नाही. एकीतून दुधीचे दोन वेल आले. बस.

आता मला सांगा, चूक कोणाची? आई अडाणी होती म्हणून? नाही हो. शेकडो पोरांना मी "नाव, इयत्ता, तारीख" असे वहीवर लिहायला लावले. पोर विसरले की कान धरला. आणि आईच्या शेजारी एक दिवस बसून "ही गाठ कशाची?" एवढे विचारून सात चिठ्ठ्या लिहायला मला वेळ झाला नाही.

म्हणून मी आज इथे आलो आहे.

मघाशी एका मावशींनी मला विचारले, "गुरुजी, आमच्या आज्यांनी न लिहिता बी राखलं. मग आता लिहायची काय गरज?" प्रश्न चांगला आहे. त्याला एक मोठे उदाहरणही आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियांच्या कितीतरी जाती जमवल्या, घरीच बियांची बँक केली, बायकांना बी वाटले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० च्या यादीत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. तेव्हा बी राखायला अक्षर लागते असे मी म्हणणार नाही. बी राखायला नजर लागते, हात लागतो. पण आपण गेल्यावर आपली नजर मागे राहत नाही. चिठ्ठी राहते. राहीबाईंच्या मागे आज पुष्कळ माणसे उभी आहेत. माझ्या आईच्या मागे मी एकटा होतो, आणि मी असा निघालो.

आता कामाचे बोलू. बी धरायचे कसे?

पहिली गोष्ट, कोणत्या झाडाचे धरायचे? आपण काय करतो? चांगले वांगे भाजीला, चांगली भेंडी बाजाराला, आणि शेवटी वेलावर जे वाकडेतिकडे, किडके उरते ते बियाला. हे उलटे आहे. आई पहिल्या बहरातले चांगले फळ राखायची. त्याला तांबडी चिंधी बांधायची. ती चिंधी बघितली की घरात कोणी त्या फळाला हात लावत नसे. फळ चांगले हवे, तसे झाडही चांगले हवे. रोगट झाडावर एखादे फळ सुरेख आले, तरी त्याचे बी धरू नये.

दुसरी गोष्ट, पाकिटाचे बी. दुकानातून आणलेल्या पाकिटावर 'संकरित' किंवा 'हायब्रीड' असे लिहिलेले असते. हा शब्द वाचायला शिका, बरे का. बाई, उद्या फळ्यावर घाला. संकरित म्हणजे आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा. पहिली पिढी जोरदार येते. पण तिचे बी धरून पेरले, की पोरे एकसारखी निघत नाहीत. मी एकदा हौसेने पाकिटातल्या टोमॅटोचे बी धरले. पुढल्या साली बारा झाडे लावली. कोणाला लिंबाएवढी फळे, कोणाला लांबट, दोन झाडांना नुसता पाला. तेव्हा बियाला गावरान किंवा सरळ वाण घ्या. आणखी एक. पाकिटातले बी गुलाबी, निळे, हिरवे असे रंगवलेले असेल, तर त्याला औषध चोळलेले असते. ते उरले म्हणून दळू नका, कोंबडीला टाकू नका, पोरांच्या हाती देऊ नका.

आपले घरचे बी राखायला, पेरायला, शेजाऱ्याला द्यायला कायद्याची आडकाठी नाही. २००१ सालच्या वाणांच्या कायद्यात शेतकऱ्याचा तो हक्क लिहून ठेवला आहे. विकायलाही मोकळीक आहे. मात्र कंपनीसारखे छापील नावाचे पाकीट करून विकता येत नाही.

आता प्रत्येक भाजीची तऱ्हा वेगळी.

घेवडा, चवळी, वाटाणा, मेथी ही सोपी. यांचे फूल आपले आपणच फळते, म्हणून जात बहुतेक शुद्ध राहते. शेंग वेलावरच वाळू द्यावी. हलवली की आत बी खुळखुळले पाहिजे. भेंडीही झाडावर वाळू द्यायची, पण ती तडकण्याच्या आत काढायची, नाहीतर बी मातीत. वांगे पिवळे पडेपर्यंत झाडावर ठेवायचे. भाजीच्या वांग्यात बी कच्चे असते. मिरची पुरती लाल झाल्यावर. टोमॅटोचे बी बुळबुळीत असते. ते गरासकट वाटीत काढावे, थोडे पाणी घालावे, दोन दिवस तसेच ठेवावे. घाण वास येतो, येऊ द्या. ती बुळबुळ आंबून सुटते. मग धुवायचे. पोचट बी वर तरंगते ते ओतून द्यायचे, तळचे भरीव बी ताटलीत पसरायचे. कागदावर पसरू नका. ते असे चिकटते की कागदासकट पेरावे लागते.

खरी मजा आहे ती वेलांची. दुधी, भोपळा, काकडी, दोडका, कारले यांच्यात नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. आपल्याकडे नर फुलाला वांझ फूल म्हणतात आणि खुडून टाकतात. वांझ नव्हे ते. तो बाप आहे. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नराच्या मागे नुसता देठ. मधमाशी इकडचा पराग तिकडे नेते. शेजारच्या बांधावर दुसऱ्या जातीचा दुधी असला, तर माशी त्याचाही पराग आणते. यंदाच्या फळात फरक दिसत नाही. फरक बियात उतरतो आणि पुढल्या साली कळतो. मग आपण म्हणतो, "बी फिरलं." बी फिरत नाही, माशी फिरते.

यावर उपाय आहे. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. दिवसा कळ्या बघून ठेवायच्या. आज उमलतील अशा दोन कळ्या, एक नर, एक मादी, उमलायच्या आधीच दोऱ्याने हलकेच बांधायच्या. दिवे लागले की सोडायच्या. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे करायच्या आणि पिवळा पराग मादी फुलात अलगद टेकवायचा. पुन्हा मादी फूल बांधून टाकायचे, देठाला चिंधी. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, तिथे हेच काम सकाळी लवकर. दुधी आणि लाल भोपळा शेजारी असले तरी चालतात. त्यांचे एकमेकांशी लागत नाही. असा राखलेला दुधी वेलावरच पिकू द्यायचा. नख रुतेनासे झाले, साल लाकडासारखी झाली, की उतरवायचा.

इथे एक सावधगिरी सांगतो. ज्या वेलाचा दुधी कडू लागला, त्याचे बी मुळीच धरू नका. तो दुधी खाऊही नका. हल्ली दुधीचा रस पिण्याची टूम आहे. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. बायांनो, दुधी चिरला की एक चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकून टाकायची आणि दुधी उकिरड्यावर टाकायचा. मसाला घालून कडूपणा झाकू नका.

आता वाळवणे. बी ओले राहिले की कुजते, बुरशी धरते. आणि वाळवायला आपल्याकडे या दिवसांसारखे दिवस नाहीत. पौष-माघाची हवा कोरडी. आपला निफाड तालुका थंडीबद्दल सगळ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात आणि पाच अंशांच्या खाली गेला की आपले नाव पेपरात येते. द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षाला ही थंडी वाईट, पण बियाला ही कोरडी हवा फार चांगली. सावलीत आठ-दहा दिवस पसरा, सकाळचे कोवळे ऊन दाखवा. भर दुपारच्या उन्हात, तापल्या पत्र्यावर टाकू नका. आतला कोंब मरतो. वाळले कसे ओळखायचे? घेवड्याचा दाणा दाताखाली धरा. दबला तर ओला, कट्कन फुटला तर वाळला. दुधीचे बी वाकवा. वाकले तर आणखी चार दिवस, मोडले तर झाले.

मग चाळलेली, पुरती गार झालेली राख मिसळायची. राखेने दाण्यांमधली फट भरते, किड्याला हिंडता येत नाही. घेवडा, चवळी यांना थोडे एरंडेल चोळले तरी चालते. घेवड्याच्या भुंग्याची एक खोड माहीत करून घ्या. तो बहुतेकदा शेतातूनच येतो. शेंगेवर अंडे घालतो, अळी दाण्यात शिरते आणि पुरचुंडीत भुंगा होऊन बाहेर पडते. म्हणून भरून ठेवल्यावर महिन्याभराने एकदा उघडून बघायचे. मी चार वर्षे बघितले नाही.

गाडगे चांगले, पण पावसाळ्यात त्याला ओल येते. घट्ट झाकणाची काचेची बाटली त्याहून बरी. ती अंधारात, गार जागी ठेवा, चुलीजवळ नको. आणि सगळे बी सारखे टिकत नाही. कांद्याचे बी एका वर्षातच म्हातारे होते. भेंडी दोनेक वर्षे. टोमॅटो, वांगे, दुधी नीट ठेवले तर चार वर्षे निघतात. शंका आली तर दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि रोज पाणी शिंपडा. मेथी तीन-चार दिवसांत मोड काढते. वांगे, मिरची यांना दोन आठवडे द्या. दहांतले आठ उगवले तर बी उत्तम. पाच उगवले तर दाट पेरा. दोनच उगवले तर आधी कुंपणावर नाही, मडक्यात लावा आणि जिवापाड जपा. ती शेवटची असतील.

आता घरातल्या हिरवाईचे. थंडी पिकते तशी बाहेरची तुळस काळवंडते, पानओवा मलूल होतो, गवती चहाची पाने करपतात. ही सगळी उबेची झाडे. तुळशीचे लग्न झाले की मंजिऱ्या तपकिरी होतात, त्या हातावर चोळून बी काढून घ्या. तुळस गेली तरी बी हाताशी राहते. एखादे लहान रोप डब्यात लावून रात्री घरात घ्या. पाणी सकाळी घाला, थोडे घाला. थंडीत झाड पाणी कमी पिते, आणि आपण मायेने घालून त्याची मुळे कुजवतो.

कोथिंबीर, मेथी, लसणाची पात यांना मात्र थंडी मानवते. तेलाचा रिकामा डबा घ्या, बुडाला भोके पाडा, निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत, मूठभर वाळू. धने घ्या. एका धण्यात दोन बिया असतात. म्हणून तो चपलेखाली किंवा लाटण्याखाली हलका रगडून दोन फाका करायच्या, पिठी नव्हे. रात्रभर भिजवा, अर्ध्या बोटाइतके खोल पेरा. थंडीत उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात. "गुरुजी, काही आलंच नाही," म्हणून माझ्या एका भाचीने आठव्या दिवशी डबा उपसला. खाली सगळ्यांना कोंब होते! मेथी सोपी, तीन आठवड्यांत खुडायला येते. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचा. बाजारच्या पुदिन्याच्या जाड काड्या पाण्यात उभ्या ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात, मग मातीत लावा.

डबा कोणत्या खिडकीत ठेवायचा? थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात लांबवर येते. तिथे ठेवा. दक्षिण नसली तर पूर्व. माझी एक विद्यार्थिनी मुंबईत चाळीत राहते. तिच्या खोलीला एकच खिडकी. तिने गजाला तीन डबे टांगले आहेत आणि कोथिंबीर विकत आणत नाही. बी धरायचे असेल तर कोथिंबिरीची आठ-दहा रोपे न कापता एकत्र राखा. तिची फुले एकमेकांच्या परागाने फळतात. एकच रोप राखले तर दाणे कमी भरतात.

आता त्या घेवड्याचे राहिले. २००५ च्या सुमारास मी अक्काच्या गावी गेलो होतो. माझी थोरली बहीण. तिच्या गोठ्याच्या कुडावर वेल होता. शेंगेला जांभळी कड. मी उभाच राहिलो. म्हटले, "अक्का, हा कुठला?" ती म्हणाली, "कुठला म्हंजे? आईचा. लग्नानंतर पहिल्या पंचमीला आले होते, तेव्हा ओंजळभर दिला होता तिनं." तीस वर्षे तो तिथे होता. मी आईचा मुलगा, घर माझ्याकडे, उतरंड माझ्याकडे, आणि बी राहिले ते दिलेल्या ओंजळीत. अक्काने मला पदराच्या गाठीतून पंचवीस दाणे मोजून दिले. वर म्हणाली, "या खेपेला लिहून ठेव, मास्तर."

लिहून ठेवले. हा कागद बघा, बाटलीवरचा आहे. मोठ्याने वाचतो. 'जांभळा घेवडा. अक्काकडून. बी धरले १२ जानेवारी. कुंपणावर लावणे.' चारच ओळी. भाजीचे नाव, बी कोणाकडून आले, कधी धरले, आणि आपल्याला ठाऊक असलेली एखादी खूण. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. एक चिठ्ठी बाटलीत, एक बाहेर. आणि थोडे बी दुसऱ्या घरी.

पुढच्या गुरुवारी येताना प्रत्येकाने घरातली एक पुरचुंडी आणायची. नाव माहीत नसेल तर सासूला, आईला विचारून यायचे. मी जांभळ्या घेवड्याचे दाणे आणतो, घरटी पाच-पाच मिळतील.

आजी, तुमचे ते हिरवे, काटेरी वांगे असते ना, दरवर्षी मला देता ते? त्याला तुमच्या माहेरी काय म्हणायचे? सांगा. मी फळ्यावर लिहितो, तुम्ही पाटीवर उतरवा.